२५ डिसेंबर : दिनविशेषाच्या चौकटीत न मावणारी तारीख

दरवर्षी २५ डिसेंबरला सकाळी मोबाईल उघडला की दिनविशेषांचा पूर येतो. नाताळच्या शुभेच्छा असतात. पंडित मदनमोहन मालवीय यांची जयंती (१८६१), अटलबिहारी वाजपेयी यांची जयंती (१९२४) आणि त्यानिमित्त २०१४ पासून सरकारी पातळीवर साजरा होणारा 'सुशासन दिन' असतो. थोडा अभ्यास करून यादी केलेली असेल तर आयझॅक न्यूटनचा जन्म, मोहम्मद अली जिनांचा जन्म (१८७६), चार्ली चॅप्लिनचा मृत्यू (१९७७) आणि गोर्बाचेव्ह यांचा राजीनामा (१९९१) हेही सापडते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले ही यादी पाठ करतात.

या यादीत सहसा न सापडणाऱ्या तीन नोंदी अशा :

२५ डिसेंबर १९२७ : महाड येथे मनुस्मृतीचे दहन.
२५ डिसेंबर १९५४ : देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना.
२५ डिसेंबर १९६८ : तमिळनाडूतील कीळवेणमणी गावात ४४ दलितांना जिवंत जाळले.

यादीत कोण बसतो आणि कोण बाहेर राहतो, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. मित्रहो, तो प्रश्न फक्त प्रस्थापितांना विचारून भागणार नाही. तो आपल्या स्वतःच्या स्टेटसलाही विचारावा लागेल.

तारीख कोण ठरवते?

आधी एक भ्रम दूर करू. एकाच तारखेला अनेक घटना घडल्या म्हणून त्या तारखेत काही गूढ शक्ती असते असे मानणे ही अंधश्रद्धा आहे. बुद्धाच्या अनुयायांनी मुहूर्ताच्या मागे लागू नये, मग तो मुहूर्त आपल्या बाजूचा का असेना. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला हे बायबलमध्ये कुठेही लिहिलेले नाही. २५ डिसेंबरची रीत रोममध्ये चौथ्या शतकात रुजलेली दिसते. न्यूटन जन्मला तो दिवस इंग्लंडच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ होता. आज आपण वापरतो त्या ग्रेगरियन पंचांगाप्रमाणे तोच दिवस ४ जानेवारी १६४३ ठरतो. माणूस एक, जन्म एक, तारखा दोन. कारण पंचांग माणसाने बनवलेले आहे.

पण काही वेळा तारखांच्या गर्दीमागे ठोस सामाजिक कारण असते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा पाहा. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ रोजी सुरू झाले. मुस्लिम लीगची स्थापना ढाक्यात ३० डिसेंबर १९०६ रोजी झाली. कम्युनिस्टांची कानपूर परिषद १९२५ च्या डिसेंबर अखेरीसच भरली. सगळ्यांना हाच आठवडा का सुचला? ब्रिटिश राजवटीत नाताळात कोर्टकचेऱ्या बंद असत. पुढारी बहुतेक वकील, कारकून, शिक्षक, म्हणजे सुट्टी मिळाली की मोकळे. साहेबाच्या सणाने हिंदुस्थानच्या राजकारणाचे वेळापत्रक ठरवले होते.

या आठवड्याला आपल्या दृष्टीने आणखी एक इतिहास आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८८७ पासून सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात, तिच्या अधिवेशनाला जोडून भरत असे. १८९५ च्या डिसेंबरात पुण्याला काँग्रेस भरली तेव्हा टिळकपक्षीयांनी विरोध केला आणि सामाजिक परिषदेला तो मंडप मिळाला नाही. राजकीय सुधारणेला मंडप आणि सामाजिक सुधारणेला बाहेरचा रस्ता! बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात हा प्रसंग मुद्दाम सांगितला आहे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे.

आता १९२७ च्या नाताळात या. त्या वर्षी काँग्रेसचे अधिवेशन मद्रासला भरले होते. तिथे संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला. त्याच आठवड्यात कोकणातल्या महाडमध्ये काही हजार माणसे जमली होती. त्यांची मागणी काय होती? सार्वजनिक तळ्याचे पाणी. आणि सभेसाठी जागा? त्यांनाही कुणी जागा द्यायला तयार नव्हते.

१९२७ : एका ठरावापासून एका ज्वाळेपर्यंत

महाडची गोष्ट आपण पाठ केली आहे, पण तिचा क्रम नीट लक्षात ठेवत नाही. तो क्रमच खरा धडा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तीन वर्षे त्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा उठवून सवर्णांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ले केले. तळ्यात शेण, गोमूत्र टाकून ते 'शुद्ध' करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

तारखांचा खेळ पाहायचाच असेल तर हा पाहा. ज्या ४ ऑगस्टला कायदेमंडळात हक्काचा ठराव झाला, बरोबर चार वर्षांनी त्याच ४ ऑगस्टला महाडने तो हक्क काढून घेतला. हा योगायोग कोणत्याच दिनविशेषात येत नाही.

मग २५ डिसेंबरला सत्याग्रहाची घोषणा झाली. १२ डिसेंबरला सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला की तळे खासगी आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून कार्यकर्त्यांसोबत पायी महाडला आले.

अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील व्हर्सायच्या राष्ट्रीय सभेशी केली. पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, पण माणूस म्हणून समान आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत, हा त्या भाषणाचा गाभा. त्या रात्री नऊच्या सुमारास मंडपासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृती जाळण्यात आली. दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते आणि पुढे 'जनता' पत्राचे संपादकही झाले.

आणि २७ डिसेंबरला? कोर्टाचा मनाई हुकूम समोर होता. तुरुंगात जायला हजारो लोक तयार होते. तरीही बाबासाहेबांनी लोकांना समजावून सत्याग्रह तहकूब केला. सरकारशी नाही तर सवर्णांच्या मक्तेदारीशी आपली लढाई आहे आणि ती कोर्टातही लढता येते, हा त्यामागचा विचार. ती लढाई जवळजवळ दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे सवर्णांना सिद्ध करता आले नाही. २५ डिसेंबरला जाळ झाला, पण पाण्यावरचा हक्क मिळाला तो दहा वर्षे खटला रेटल्यावर. आपण जाळाचे फोटो टाकतो, खटल्याची तारीख किती जणांना आठवते?

'पुस्तक जाळणे हा असंस्कृतपणा' म्हणणाऱ्यांना

हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये त्याला उत्तर दिले. परदेशी कापडाची होळी करणाऱ्यांना कापडाशी वैर नव्हते, कापडामागच्या गुलामीशी होते. तसेच हे. ज्यांनी विलायती कापडाच्या होळीला राष्ट्रकार्य म्हटले त्यांना मनुस्मृतीची होळी तेवढी द्वेषाची वाटावी, यातच त्यांचे राष्ट्र कुठे संपते ते कळते.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा असतो : 'आता मनुस्मृती कोण वाचतो? संविधान आहे ना!' मनुस्मृती कुणी वाचत नाही हे मान्य. पण पुस्तक न वाचताही पुस्तकातला समाज चालू शकतो. त्या ग्रंथाने शूद्राने धन साठवू नये असे सांगितले. स्त्रीने बालपणी पित्याच्या, तारुण्यात पतीच्या आणि म्हातारपणी मुलांच्या ताब्यात राहावे असे सांगितले. आज ही वाक्ये कुणी पाठ म्हणत नाही. पण मजुरी वाढवून मागणाऱ्या मजुराला आणि आपल्या पसंतीने लग्न करणाऱ्या मुलीला काय शिक्षा मिळते हे आपण रोज पाहतो. आणि १९८९ मध्ये जयपूरला राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा उभा राहिला, तो कुणी न वाचणाऱ्या ग्रंथाच्या सन्मानासाठीच ना?

१९६८ : कीळवेणमणी

आता त्याच तारखेची दुसरी रात्र. कीळवेणमणी हे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातले (आता नागपट्टिनम) गाव. कावेरीच्या खोऱ्यातला हा सुपीक भातपट्टा. जमीन मूठभर जमीनदारांची, राबणारे हात दलित शेतमजुरांचे. लाल झेंड्याखाली मजूर संघटित झाले आणि मजुरीत थोडे जास्त धान्य मागू लागले. जमीनदारांनी आपला 'भात उत्पादक संघ' काढला. मजुरांनी लाल झेंडा उतरवावा असा दबाव आणला, बाहेरून मजूर आणले. तणाव वाढत गेला.

२५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांच्या टोळीने वस्तीवर हल्ला केला. पुरुष मंडळी पांगली. बायका, मुले, म्हातारी माणसे एका झोपडीत लपली. त्या झोपडीला आग लावली. ४४ माणसे जळून गेली.

नंतर काय झाले ते आपल्याला खैरलांजीनंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या रात्रीच्या चकमकीत जमीनदारांच्या बाजूचा एक माणूस मेला होता, त्यासाठी मजुरांना शिक्षा झाल्या. ४४ जणांच्या प्रकरणात मुख्य आरोपी जमीनदार गोपालकृष्ण नायडू आणि इतरांना खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण मद्रास उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मोटारी बाळगणारे प्रतिष्ठित जमीनमालक स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील यावर विश्वास बसत नाही, अशा अर्थाचा तर्क त्या निकालात आहे. वर्ग आणि जात एकत्र आली की पुराव्याचा कायदासुद्धा कसा वाकतो, हे समाजशास्त्राच्या वर्गात शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

१९२७ च्या जाळात एक ग्रंथ जळला. एकाही माणसाला ओरखडा उठला नाही. १९६८ च्या जाळात ४४ माणसे जळली. तरीही 'हिंसक', 'समाजात तेढ पसरवणारे' हे शब्द पहिल्या जाळासाठी राखून ठेवलेले आहेत. कागदाचे दुःख करणाऱ्या या देशाला माणसांची नावे सांगता येत नाहीत.

आपल्या यादीतून कोण गळले?

आता थोडे आपल्याकडे वळू. बौद्ध वस्त्यांमध्ये काम करताना मी पाहते, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन ठाऊक असलेली मुले भरपूर भेटतात. कीळवेणमणीचे नाव ऐकलेली फार थोडी. असे का? एक कारण भाषेचे आणि अंतराचे. दुसरे कारण आपण मोठ्याने बोलत नाही : तो झेंडा निळा नव्हता, लाल होता.

मी डाव्यांची वकिली करत नाही. जातीच्या प्रश्नाला मजुरीच्या प्रश्नात विरघळवून टाकण्याची डाव्यांची सवय जुनी आहे. कीळवेणमणीत मेलेले सगळे दलितच का होते, या प्रश्नाला 'वर्गसंघर्ष' हे पुरेसे उत्तर नाही. पण मेलेली माणसे आपली होती. आणि ज्यांना लाल झेंड्याचे नावच नको वाटते त्यांनी आठवावे की महाडच्या परिषदेच्या तयारीत झिजलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि तरीही त्यांनी बाबासाहेबांशी नाते तोडले नाही.

तसेच फत्तेखान. मंडपाला जागा देणारा तो एक मुसलमान माणूस नसता तर परिषद कुठे भरली असती? आज मुस्लिमांविरुद्धच्या पोस्ट डोळे झाकून पुढे पाठवणाऱ्या आपल्या काही तरुणांनी हे नाव दरवर्षी २५ डिसेंबरला मोठ्याने वाचावे. सहस्रबुद्ध्यांचे नावही वाचावे. लढाई ब्राह्मण्याशी आहे हे बाबासाहेबांनी माणसे सोबत घेऊन दाखवले.

आणि मालवीय? त्यांची जयंती कुणी साजरी करत असेल तर खुशाल करावी. फक्त पूर्ण माहिती द्यावी. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सवर्ण हिंदूंच्या वतीने मालवीयांची सही आहे. दुसऱ्या दिवशी मुंबईत त्यांच्याच अध्यक्षतेखाली सभा झाली आणि सार्वजनिक विहिरी, शाळा, रस्ते यांवर अस्पृश्यांचा इतरांइतकाच हक्क राहील असा ठराव झाला. महाडमध्ये पाच वर्षांपूर्वी जे मागितले तेच हे. पण ते मान्य व्हायला आपले स्वतंत्र मतदारसंघ हातचे जावे लागले. जयंतीच्या पोस्टरवर हा हिशेब नसतो.

स्त्रियांचा २५ डिसेंबर

मनुस्मृती दहनाला फक्त अस्पृश्यतेपुरते बांधून ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. पेहरावातून, दागिन्यांतून जातीची ओळख मिरवू नका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. १९९६ च्या डिसेंबरात चंद्रपूरला भरलेल्या विकास वंचित दलित महिला परिषदेत २५ डिसेंबर हा 'भारतीय स्त्री मुक्ती दिन' म्हणून पाळावा असा प्रस्ताव पुढे आला. त्यामागचा विचार साधा आणि जबरदस्त आहे. ८ मार्चला जगभरच्या कामगार स्त्रियांच्या लढ्याचा इतिहास आहे, त्याचा आदर आहेच. पण भारतातल्या स्त्रीला बांधणाऱ्या ग्रंथाला जाहीर नकार दिला गेला तो दिवस २५ डिसेंबर आहे.

दुर्दैवाने आपल्याच कार्यक्रमांत या दिवशी मंचावर सात पुरुष आणि स्वागतगीताला दोन मुली, असे दृश्य असते. मनुस्मृती मंडपासमोर जाळायची आणि मंडपात पाळायची, हे चालणार नाही.

देहूरोड : नकारानंतर काय?

जाळून झाल्यावर काय, हा प्रश्न बाबासाहेबांना कायम होता. त्याचे उत्तर त्याच तारखेला, २७ वर्षांनी देहूरोडला दिसते. १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. परत आल्यावर २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत धम्मावर ग्रंथ लिहीत असल्याचे त्यांनी तिथे सांगितले. दोन वर्षांनी नागपूरला दीक्षा झाली. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये आला.

एका ग्रंथाला नाकारून बाबासाहेब थांबले नाहीत. मधल्या काळात त्यांनी संविधान दिले. अनुच्छेद १५ चा दुसरा भाग उघडून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात 'तलाव' हा शब्द आहे. तो वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही.

मग २५ डिसेंबरला काय करायचे?

प्रतीकात्मक दहन करा, जरूर करा. पण त्या दिवशी आणखी चार कामे करता येतील. आपल्या गावातले पाणवठे, मंदिराबाहेरचा नळ, स्मशानभूमी कुणाला खुली आहे, कुणाला नाही, याची नोंद करा आणि ग्रामसभेत ती वाचा. शेतमजुरांना किमान वेतन मिळते का ते विचारा, कारण कीळवेणमणीचे भांडण मजुरीवरून सुरू झाले होते. कार्यक्रमाचे अध्यक्षपद बाईकडे द्या, आणि विषयही तिलाच ठरवू द्या. चौथे, अनुच्छेद १५ आणि १७ मोठ्याने वाचा, मुलांकडून वाचून घ्या.

दिनविशेष पाठ करून परीक्षेत एक गुण मिळतो. तो मिळवाच, नोकऱ्या आपल्यालाही हव्यात. पण परीक्षेच्या पुस्तकात महाड, देहूरोड आणि कीळवेणमणी छापून येत नाहीत तोवर ही तीन नावे आपल्या हाताने त्या पानावर लिहावी लागतील. या वर्षी लिहा, आणि शेजारच्या मुलालाही लिहायला सांगा.

जय भीम!